अळवाच्या पानावरील थेंब आणि फवारणी

अळवाचें पान पाण्यानें भिजत नाहीं, हें आपण नित्य पाहतों. त्यावर डोळ्यांस न दिसणारे उंचवटे असून त्यांवर मेणाचा थर असतो. थेंब त्यांच्या शेंड्यांवरच टेकतो. मधल्या फटींत हवा राहते. पृष्ठताण पाण्यास गोल राखूं पाहतो. म्हणून वरून पडलेला थेंब प्रथम चपटा होतो व लगेच आकसून चेंडूप्रमाणें उसळतो. बॉन येथील बार्थलॉट व नाइनहुइस यांनीं कमळ, अळू, कोबी इत्यादींच्या पानांवर प्रयोग करून १९९७ सालीं या गुणाचा खुलासा प्रसिद्ध केला.

कोबी किंवा कांद्यावर फवारलेलें औषधही असेंच घरंगळून मातींत जातें. खर्च होतो, कीड मात्र राहते. मोठे थेंब उसळतात, म्हणून ते अतिशय बारीक करावे, तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थेंब स्थिर हवेंत सेकंदास सुमारे २७ सेंटिमीटरच उतरतो. तेवढ्यांत वारा त्यास शेजारच्या शेतांत नेतो.

सबब वारा मंद असतां मध्यम थेंबाचें नोझल लावावें. औषधाच्या पत्रकांत सांगितलें असल्यास त्याच प्रमाणांत स्टिकर मिसळावा. त्यानें पृष्ठताण घटून थेंब पसरतो. पान निथळूं लागण्यापूर्वींच हात पुढें न्यावा.