मिलिमीटरचा हिशेब: किरणोपचाराला दिशा दाखवणारी सोनोग्राफी

कर्करोगावरील किरणोपचारात किरणांचा झोत नेमका कुठे सोडायचा, हे उपचारापूर्वी काढलेल्या सीटी स्कॅनवरून ठरते. प्रत्यक्ष उपचार मात्र त्यानंतर कित्येक दिवस किंवा आठवडे चालतात आणि शरीर त्या चित्रातल्यासारखे स्थिर राहत नाही. प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे असते. हे अवयव कमी-अधिक भरले की तीही काही मिलिमीटर सरकते. यकृत तर प्रत्येक श्वासाबरोबर वर-खाली होते.

नेम चुकू नये म्हणून डॉक्टर लक्ष्याभोवती सुरक्षिततेची कड धरतात. ही कड दिसते तितकी लहान नसते. 4 सेंटीमीटर व्यासाच्या गोलाभोवती 5 मिलिमीटरची कड धरली, तर किरणे झेलणारे आकारमान जवळपास दुप्पट होते. वाढलेला हा सारा भाग निरोगी ऊतींचा असतो. कड 3 मिलिमीटरवर आणता आली, तर ही वाढ साधारण निम्म्याने घटते.

कमी सत्रे, अधिक जोखीम

अचूकतेचा प्रश्न आता अधिक निकडीचा होण्याचे कारण म्हणजे सत्रांची घटती संख्या. ब्रिटनमधील ‘चिप’ या चाचणीत प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी 37 सत्रांत 74 ग्रे देण्याच्या रूढ पद्धतीशी 20 सत्रांत 60 ग्रे देण्याच्या पद्धतीची तुलना झाली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार छोटा उपचारक्रम प्रभावात कमी पडला नाही. ‘पेस-बी’ चाचणीच्या 2024 मधील निष्कर्षांनी ही संख्या निवडक रुग्णांसाठी अवघ्या 5 सत्रांवर आणली. सत्रे अनेक असली, तर एखाद्या दिवसाची चूक एकूण हिशेबात विरून जाऊ शकते. पाचच सत्रे असताना एक चूक म्हणजे उपचाराचा पाचवा हिस्सा.

उपचाराच्या खोलीत घेतलेल्या साध्या क्ष-किरण चित्रात हाडे स्पष्ट दिसतात, मऊ अवयव नाहीत. त्यासाठी ग्रंथीत सुईने सोन्याच्या बारीक खुणा बसवाव्या लागतात. एमआरआय जोडलेली किरणोपचार यंत्रे अवयव उत्तम दाखवतात, पण ती अतिशय महाग आहेत. सोनोग्राफी तुलनेने स्वस्त असून तिच्यात किरणोत्सर्ग नसतो आणि झोत सुरू असतानाही ती अवयवाची हालचाल दाखवू शकते. अडचण आहे ती तिच्या अचूकतेची.

चूक कुठून येते?

पहिले कारण हाताचा दाब. 1990 च्या दशकातील यंत्रणांमध्ये प्रोब पोटावर टेकवून प्रोस्टेटची जागा पाहिली जाई. चित्र स्पष्ट यावे म्हणून प्रोब दाबला, की ग्रंथीच मागे सरके. म्हणजे मोजण्याच्या कृतीनेच मोजमाप बिघडे.

दुसरे कारण ध्वनीचा वेग. प्रतिध्वनी परत येण्यास लागलेल्या वेळेवरून यंत्र खोली काढते. त्यासाठी ते शरीरात सर्वत्र सेकंदाला 1,540 मीटर वेग गृहीत धरते. चरबीत हा वेग सुमारे 1,450 मीटर असतो. त्यामुळे 3 सेंटीमीटर जाडीच्या चरबीच्या थरापलीकडील अवयव पडद्यावर जवळपास 2 मिलिमीटर अधिक खोल दिसतो. 3 मिलिमीटरची कड राखू पाहणाऱ्यांना ही तफावत परवडणारी नाही.

तिसरे कारण तुलनेचे. आजचे सोनोग्राफी चित्र जुन्या सीटी चित्रावर बसवताना अवयवाची सीमा दोन्हींत तंतोतंत जुळत नाही. ती कुठे आखायची, यावर दोन तंत्रज्ञांचे मतही वेगळे पडू शकते.

दुरुस्तीचे मार्ग

दाबाच्या प्रश्नावरचे उत्तर म्हणजे प्रोबची जागा बदलणे. तो पोटाऐवजी दोन मांड्यांमधील भागावर आधाराने स्थिर बसवला, तर ग्रंथीवर दाब कमी येतो आणि संपूर्ण सत्रभर तिच्यावर नजर ठेवता येते. ‘एलेक्टा’ कंपनीच्या ‘क्लॅरिटी’ यंत्रणेत हीच पद्धत वापरली गेली. वेगाच्या चुकीसाठी सीटी स्कॅनचाच उपयोग होतो. चरबी आणि स्नायूंचे थर किती जाड आहेत हे त्यातून कळते, आणि प्रत्येक थराचा योग्य वेग धरून खोली पुन्हा मोजता येते.

तुलनेच्या प्रश्नासाठी नियोजनाच्या दिवशीच सीटीबरोबर सोनोग्राफीही केली जाते आणि पुढे सोनोग्राफीची तुलना सोनोग्राफीशीच होते. त्यामुळे दोन्ही चित्रांतील समान चुका बऱ्याच अंशी एकमेकींना छेद देतात. मात्र उपचाराच्या काळात रुग्णाचे वजन घटले, तर चरबीचा थर बदलतो आणि वेगाची दुरुस्ती पुन्हा आवश्यक ठरते. अवयवाची सीमा संगणकाकडून आखून घेण्याच्या प्रयत्नांमुळे व्यक्तिगणिक पडणारा फरकही कमी करता येतो.

लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमधील संशोधकांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीही या तंत्राचा अभ्यास केला आहे, कारण मूत्राशय भरताच गर्भाशयाची जागा बदलते. भारतात स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल याच कर्करोगाचे प्रमाण आहे. त्यामुळे कमी खर्चाच्या अचूक मार्गदर्शनाचे मोल तिथे विशेष आहे.

मर्यादाही स्पष्ट आहेत. हवा आणि हाड यांतून हा ध्वनी नीट जात नाही, म्हणून फुप्फुसांच्या आतील बहुतेक गाठींसाठी त्याचा उपयोग नाही. प्रोब झोताच्या वाटेत येणार नाही, अशी उपचाराची आखणीही करावी लागते. शिवाय यंत्र कितीही सुधारले, तरी सत्रापूर्वी ठरावीक पाणी पिऊन येण्याची सूचना रुग्णाने पाळायलाच हवी. मूत्राशय रोज सारखेच भरलेले असेल, तर दुरुस्त करावे लागणारे अंतर मुळातच कमी राहते.