शैलगृहांची छायाचित्रे आणि त्यांची निवड

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत कोरलेल्या शैलगृहांची संख्या दोनशेहून अधिक भरते. त्यांपैकी गावाच्या उत्तरेस, कुकडी नदीपलीकडे असलेला लेण्याद्रीचा समूह अभ्यासाच्या प्रारंभी विशेष सोयीचा आहे. सुमारे तीस लेणी एकाच कड्यात पूर्व-पश्चिम रांगेने कोरलेली असून ती दक्षिणाभिमुख आहेत. सहावे लेणे हे चैत्यगृह. त्याच्या शेजारचा सातवा विहार प्रशस्त व स्तंभविरहित असून त्यात अष्टविनायकांपैकी श्रीगिरिजात्मजाचे स्थान आहे. हाती डिजिटल कॅमेरा घेऊन सकाळी पायऱ्या चढलेला विद्यार्थी दुपारी खाली उतरतो, तेव्हा त्याच्यापाशी सहाशे-सातशे छायाचित्रे सहज जमलेली असतात. ती घेण्यास श्रम पडत नाहीत. खरे श्रम त्यानंतर सुरू होतात, आणि त्यांविषयी वर्गात सहसा कोणी बोलत नाही.

पूर्वीच्या छायाचित्रकारास हा प्रश्न या स्वरूपात पडलाच नव्हता. मेजर रॉबर्ट गिल याने घेतलेली ७४ छायाचित्रे १८६४ साली फर्ग्युसनच्या भारतीय शैलमंदिरांवरील ग्रंथात प्रसिद्ध झाली. त्या काळी काचेवर रासायनिक लेप चढवावयाचा, तो ओला असतानाच चित्र घ्यावयाचे आणि तो वाळण्यापूर्वी ते विकसित करावयाचे, अशी रीत होती. प्रत्येक काच डोंगरावर वाहून न्यावी लागे. म्हणून काय टिपावे याचा विचार काच लावण्यापूर्वीच पुरा होत असे. आज तो विचार पुढे ढकलता येतो. मात्र पुढे ढकललेला विचार पुष्कळदा राहूनच जातो, आणि प्रबंधलेखनाच्या वेळी हवे ते चित्र सातशेंच्या ढिगात सापडत नाही.

नवशिक्या छायाचित्रकारास सामान्यतः असा उपदेश केला जातो की, सारख्या दिसणाऱ्या चित्रांतून सर्वांत देखणे एक ठेवावे व बाकीची निःशंकपणे काढून टाकावीत. सहलीच्या छायाचित्रांपुरता हा उपदेश योग्यच आहे. संशोधकाने तो जसाच्या तसा स्वीकारला, तर मात्र पुरावाच नष्ट होण्याचा संभव असतो.

लेण्याद्रीच्या चैत्यगृहातील ब्राह्मी लेखाचे उदाहरण घ्यावे. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिल्याचे त्यात नमूद आहे. अशा लेखावर प्रकाश समोरून पडला असता चित्र उजळ व प्रसन्न येते. पण अक्षरांची खोली लोपते. तोच प्रकाश एका बाजूने तिरका पडला तर अर्धा पृष्ठभाग काळवंडतो, चित्र ओबडधोबड वाटते आणि अक्षरे मात्र उठून दिसतात. ब्राह्मीत ऱ्हस्व व दीर्घ इकारातील भेद एका लहानशा रेषेचा, तर अनुस्वार म्हणजे केवळ एक ठिपका. बेसाल्टच्या खडकातील नैसर्गिक खळगाही ठिपक्यासारखाच दिसतो. डावीकडून व उजवीकडून प्रकाश दिलेली दोन चित्रे शेजारी ठेवली म्हणजे खळगा कोणता व कोरीव बिंदू कोणता हे ठरविण्यास आधार मिळतो. घाईने पाहणाऱ्यास मात्र ही दोन्ही चित्रे एकाच वस्तूची कुरूप पुनरावृत्ती वाटतात.

तीच गोष्ट मालिकांची. विहाराच्या अंधाऱ्या अंतर्भागासाठी एकाच जागेवरून कमी, मध्यम व अधिक उजेडाची तीन चित्रे घेतली असतील, तर पहिले काळे आणि तिसरे पांढुरके येणारच. पुढे ती एकत्र करावयाची असतात. स्तूपाची त्रिमितीय प्रतिकृती करण्यासाठी त्याच्याभोवती फिरून घेतलेली चित्रे एकमेकांवर निम्म्याहून बरीच अधिक आच्छादलेली असावी लागतात. त्यांपैकी चार-पाच ‘जादा’ म्हणून वगळली की दुवा तुटतो. म्हणून मालिका हे एकच चित्र मानावे. ठेवावयाची तर सबंध, टाकावयाची तर सबंध.

सातव्या लेण्यात आणखी एक अडचण येते. दर्शनास आलेल्या भाविकांची रांग चौकटीत शिरते, आणि वास्तुशास्त्राचा अभ्यासक तेवढ्यावरून चित्र बाद करतो. परंतु बौद्ध विहाराचे गणेशस्थानात झालेले परिवर्तन व त्याचा आजचा वापर हा ज्याचा विषय आहे, त्याच्या दृष्टीने लोकांवाचूनचे चित्रच अपुरे होय. तेव्हा निवडीची कसोटी चित्राच्या गुणांत शोधून भागत नाही. ती अभ्यासाच्या प्रश्नात असते. हा प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहून समोर ठेवल्यावाचून चाळणीस बसूच नये.

प्रत्यक्ष कृती फारशी अवघड नाही. कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर पाहून डोंगरावरच चित्रे पुसण्याचा मोह आवरावा. त्या पडद्यावर स्पष्ट वाटलेले चित्र संगणकावर हललेले निघते, आणि उन्हात पाहिलेले चित्र आहे त्याहून काळे भासते. घरी आल्यावर सर्व चित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या साधनांवर कराव्यात व नंतरच मेमरी कार्ड रिकामे करावे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल सुमारे २५ मेगाबाइटची धरली, तरी सातशे चित्रे साडेसतरा गिगाबाइटांत मावतात. जागेची टंचाई हे घाईचे कारण होऊ शकत नाही. टंचाई असते ती लक्षाची.

पहिल्या फेरीत केवळ उघड दोषांकडे पाहावे. हात हललेले, केंद्र चुकलेले, चुकून बटण दाबले गेलेले, एवढीच चित्रे बाद ठरवावीत. दर चित्रास तीन सेकंद दिले तर सातशेंना पस्तीस मिनिटे पुरतात. या फेरीत उत्तमाचा शोध घेऊ नये. धान्य पाखडणे आणि निवडणे ही कामे एका वेळी होत नाहीत. दुसऱ्या फेरीत लेणे व भाग यांनुसार गट पाडून प्रत्येक गटातून प्रश्नास उत्तर देणारी चित्रे तारांकित करावीत. डिजिकॅमसारख्या विनामूल्य कार्यक्रमांत तारा देण्याची व बाद ठरविण्याची खूण करण्याची सोय असते. मूळ चित्र जागचे हलत नाही. शक्य तर ही फेरी दुसऱ्या दिवशी करावी. चढउताराचा शीण अंगात असताना जे चित्र कष्टाने मिळाले तेच चांगले वाटते.

चाळणी संपली की नावे द्यावीत. कॅमेऱ्याने दिलेला क्रमांक न पुसता त्याआधी स्थळ, लेणे-क्रमांक, भाग व दिनांक जोडावा. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकलेले असेल तर फाइलमध्ये नोंदलेली वेळही चुकते, आणि दक्षिणाभिमुख लेण्यात ऊन कोणत्या वेळी किती आत येते हे ताडण्याचे साधन हातचे जाते. हिवाळ्यात ते उन्हाळ्याहून बरेच खोल पोहोचते. बाद चित्रांचा निराळा फोल्डर करून तो प्रबंध सादर होईपर्यंत ठेवावा. भिंतीवरील ओलीचा डाग आज चित्र बिघडवणारा वाटला, तरी दहा वर्षांनी तो किती पसरला हे सांगणारी दिनांकित नोंद कदाचित त्याच फोल्डरात सापडेल. हललेली चित्रे मात्र तेव्हा खुशाल पुसावीत.