पाण्याचा फेरा

शाळेतून आलेले पोर विचारते, "पाऊस कुठून येतो?" आपण म्हणतो, "ढगातून." लगेच ते विचारते, "मग ढगात पाणी कुठून आलं?" आपण गप्प बसतो. पण उत्तर आपल्या चुलीवरच आहे.

पातेल्यात पाणी तापत ठेवा. वर झाकण घाला. थोड्या वेळाने झाकण जपून उचला आणि मुलाला दाखवा. आतून थेंब लागलेले दिसतील. वाफ गार झाली, तिचे पाणी झाले. थेंब मोठे झाले की खाली पडतात.

समुद्र काही उकळत नाही. पण दोरीवरचे ओले धोतर उन्हाने वाळते ना? तसेच समुद्राचे पाणी वाफ होऊन वर जाते. उंचावर हवा गार असते. तिथे वाफेचे बारीक थेंब होतात. तेच ढग.

पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. वाटेत सह्याद्री आडवा येतो. भीमाशंकरला धो धो पाऊस पडतो. आपल्या केंदूरपर्यंत ढग येतात, तोवर पाणी बरेचसे सांडून गेलेले असते. म्हणून आपल्याकडे पाऊस कमी.

पडलेले पाणी वेळ नदीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी पूर्वेच्या समुद्राला मिळते. तिथून पुन्हा वाफ, पुन्हा ढग. हा फेरा आपल्याला थांबवता येत नाही. पण पाण्याला शिवारात मुक्कामाला ठेवता येते. बांध धरा, ओढा अडवा. जमिनीत मुरेल तेच पाणी उन्हाळ्यात विहिरीला येईल. हेही मुलाला सांगा.