नोंदवहीतली प्रसविका आणि नोंदवहीबाहेरची सुईण

कायद्यांची नावे सहसा कोणी लक्ष देऊन वाचत नाही. वाचली तर ती बरेच काही सांगून जातात. १९२६ साली मद्रास इलाख्यात झालेला कायदा नर्सेस आणि मिडवाइव्ह्ज अशा दोघींच्या नावाचा होता. मुंबई राज्याच्या १९५४ च्या कायद्याने नावातच नर्स, मिडवाइफ आणि हेल्थ व्हिजिटर अशा तिघींना जागा दिली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६६ साली नवा कायदा आला, तेव्हा नावात फक्त ‘नर्सेस’ उरल्या. आणि २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा केला, तेव्हा तो गळालेला शब्द पुन्हा नावात आला. मधल्या काळात बाळंतपण करणारी बाई कुठे होती?

आधी नोंदणी म्हणजे काय ते पाहू. परीक्षा उत्तीर्ण होणे वेगळे आणि नोंदणी होणे वेगळे. ए.एन.एम. दोन वर्षांची, जी.एन.एम. तीन वर्षांची, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. पण यांतले कोणतेही प्रमाणपत्र हाती आले म्हणून रुग्णाला हात लावण्याचा अधिकार मिळत नाही. तो राज्याच्या परिषदेच्या नोंदवहीत नाव चढल्यावर मिळतो. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र परिचर्या परिषद करते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि गैरवर्तन सिद्ध झाले तर नाव काढूनही टाकता येते. शिक्षणाचा दर्जा देशभर सारखा राहावा म्हणून १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद नेमली. डॉक्टरची पदवी भिंतीवर टांगलेली असते, ती आपण वाचतो; पांढऱ्या कपड्यातल्या ‘सिस्टर’चा नोंदणी क्रमांक मात्र आपण कधी विचारत नाही. छोट्या इस्पितळांतून बिननोंदणीच्या मुली सलाइन लावतात, ते याच अनास्थेमुळे चालून जाते.

आपल्या नोंदणीचे एक वैशिष्ट्य असे, की जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. झालेली एकच व्यक्ती नर्स आणि मिडवाइफ अशा दोन्ही नावांनी नोंदवली जाते. ‘आर.एन.आर.एम.’ ही अक्षरे तीच. ब्रिटनमध्ये या दोन पेशांचे नोंदवहीतले भागच वेगळे आहेत. इथली नर्स तिकडे गेली की तिला परिचारिका म्हणून परीक्षा देता येते. प्रसविका म्हणून नाव हवे असेल तर त्या शिक्षणाचा वेगळा पुरावा द्यावा लागतो. इथे जोडून आलेले दुसरे नाव तिथे आपोआप चालत नाही.

पण ज्या बायका कागद येण्याच्या आधीपासून हे काम करत होत्या, त्यांचे काय करायचे? हा प्रश्न प्रत्येक नोंदवहीपुढे कधी ना कधी येतोच. इंग्लंडच्या १९०२ च्या मिडवाइव्ह्ज कायद्याने त्याचे उत्तर दिले. कायदा झाला तेव्हा जी बाई निदान वर्षभर प्रामाणिकपणे हे काम करत होती आणि जिच्या चारित्र्याबद्दल कोणी खात्री देत होते, तिला परीक्षेशिवाय नोंदवहीत घेतले. पुढच्या पिढीला मात्र शिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली. १९०५ नंतर बिननोंदणीच्या बाईला ‘मिडवाइफ’ म्हणवून घेता येईना आणि १९१० नंतर डॉक्टरच्या देखरेखीशिवाय पैसे घेऊन नेहमीची बाळंतपणेही करता येईनात. म्हणजे आधी नाव राखले, मग काम. जुन्या बायका एकदम रस्त्यावर आल्या नाहीत आणि दर्जाही हळूहळू वर गेला.

आपल्याकडे हे काम सुईणीचे होते. नाळ कापणे, वार पडेपर्यंत थांबणे, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणे, आणि बदल्यात लुगडे, खण, धान्य. बाळंतपणाचा विटाळ मानला जाई; तो ज्यांच्या माथी मारला होता, अशा मांग आणि इतर जातींतल्या बायका अनेक गावांत हे काम करत. १९०९ नंतर पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने मुलींना व विधवांना परिचर्येचे शिक्षण घ्यायला लावले, तेव्हा तेही मोठेच धाडस होते. कारण चांगल्या घरच्या बाईने असले काम करू नये, अशीच तेव्हाची समजूत. पुढे परिचर्येला पगार, गणवेश आणि नोंदणी मिळाली. सुईण मात्र होती तिथेच राहिली.

तिला सरकारने विसरले असेही नाही. दाई-प्रशिक्षणाचे वर्ग झाले, स्वच्छ पाते आणि दोरा असलेली पेटी मिळाली. नोंदवहीत नाव तेवढे मिळाले नाही. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, आणि ते आवश्यकच होते. रक्तस्राव झाला तर अनुभवी हातही अपुरे पडतात, तिथे रक्तपेढी आणि शस्त्रक्रियाच लागते. सुईणीचे गोडवे गाताना हे विसरून चालणार नाही.

तरीही दवाखान्यात जाणे आणि सोबत मिळणे या दोन गोष्टी आहेत. वेणा सुरू झाल्यापासून कोणीतरी शेजारी बसून राहणे, पाठ चोळणे, घाई न करणे हा सुईणीच्या कामाचा मोठा भाग होता. तो भाग नोंदवहीत उतरलाच नाही. २०१८ साली केंद्र सरकारने नोंदणीकृत परिचारिकांना अठरा महिन्यांचे खास प्रशिक्षण देऊन निव्वळ प्रसविकेचे काम सोपवण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. म्हणजे जे हरवले, ते आता नव्याने शिकवावे लागत आहे.

२०२३ च्या कायद्यात राष्ट्रीय नोंदवही आहे आणि तिच्यात येण्याची अट मान्यताप्राप्त शिक्षण हीच आहे. ती योग्यच. पण इंग्लंडमध्ये १९०२ साली जुन्या बायकांसाठी जो दरवाजा काही काळ उघडा ठेवला होता, तो सुईणीसाठी उघडण्याची वेळ आता निघून गेली आहे. काम करणाऱ्या सुईणी थोड्याच उरल्या आहेत. त्यांना नोंदणी क्रमांक देता येणार नाही. नव्या प्रसविकांच्या वर्गात त्यांना चार तास बोलायला बसवता येईल. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.