खाडीच्या चिखलातून घडलेली जमीन

अमेरिकेच्या नेब्रास्का प्रांतात, जेथे कोसच्या कोस गवताखेरीज दृष्टीस दुसरे काही पडत नसे आणि घरबांधणीस लाकूड दुर्मीळ होते, तेथील वसाहतकारांनी मुळांसकट गवताचे थर नांगराने कापून त्यांच्याच जाड भिंती रचल्या. ही घरे उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार असत, परंतु पावसात छपरातून चिखल गळे, भिंतींतून साप निघत आणि सरपणाऐवजी वाळलेले शेण जाळावे लागे. या हालअपेष्टांचे मोल मात्र १८६२ च्या होमस्टेड कायद्याने ठरवून दिले होते : पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्यास १६० एकरांपर्यंतची सनद. ती भूमी पॉनी, लाकोटा आदी मूळ रहिवाशांकडून काढून घेतलेली होती, हे सांगितल्यावाचून त्या सनदेचे गुणगान करणे अन्यायाचे ठरेल.

पनवेल, उरण, पेण आणि अलिबागचा खारेपाट, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, हा आपल्याकडील तसाच कष्टसाध्य प्रदेश होय. आज सेक्टरांच्या आकड्यांनी ओळखली जाणारी नव्या मुंबईतील करंजाडे ही वसाहत याच मुलखाच्या शेजारी वसली आहे. येथे आगरी शेतकऱ्यांची झुंज समुद्राशी होती. ओहोटी लागली की चिखलात उतरून, तीच चिकट माती हातोहात वर देत, त्यांनी खाडीला बांध घातले. भरतीचे पाणी अडवावे आणि ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडावे म्हणून त्यांत उघाड्या बसविल्या. पुढे पावसाने खार धुऊन काढीपर्यंत धीर धरायचा, आणि मग भिजवून मोड आणलेले भात ओल्या चिखलात फेकायचे. राहायला कारवीच्या कुडाचे, माती-शेणाने सारवलेले घर. दारापाशी पाणीच पाणी, पण पिण्याचे गोडे पाणी स्त्रियांनी दुरून आणायचे. खेकड्यांनी पोखरलेला बांध उधाणात फुटून खांड गेली, म्हणजे त्या वर्षाचे पीक तर जाईच, पुढचे हंगामही नासत. म्हणून खांड बुजविण्यास रात्री-अपरात्री अवघा गाव धावे.

एवढे करून जमीन कोणाची? कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात शिलोत्री पद्धत होती. बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बाहेरचा बांध, सुस्थितीत राखण्याच्या जबाबदारीबद्दल शिलोत्रीदारास कुळांकडून धान्यरूपाने हक्क मिळे. ज्यांच्या हातांनी बांध उभे राहत त्यांची गणना पुष्कळदा कुळांतच होई, आणि खोती मुलखात तर सारा वसूल करणाऱ्या खोताचा जाच निराळाच. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी येथे १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे शेतकऱ्यांचा संप चालला. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. अखेरीस कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणाऱ्यास मालकीचा मार्ग मोकळा केला. नेब्रास्कात जे पाच वर्षांच्या वहिवाटीने मिळे, ते येथे कित्येक पिढ्यांच्या श्रमानंतर आले.

आणि आले ते फार काळ टिकले नाही. १९७० मध्ये नव्या मुंबईसाठी सिडकोची स्थापना झाली व भूसंपादन सुरू झाले. त्यावरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. माझ्या मते, जमिनीचा दर ठरविताना ती आयती सापडलेली वस्तू मानली गेली, ती घडविण्यास लागलेले मनुष्यबळ हिशेबात आलेच नाही.

पेण-अलिबागकडे, जेथे शेती अद्याप उरली आहे, तेथे १९४८ च्या खारजमीन कायद्यापासून बांधांचा भार उत्तरोत्तर सरकारकडे गेला, आणि सामुदायिक दुरुस्तीची जुनी रीत क्षीण झाली. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणारे भाताचे वाण दिले आहेत. तथापि फुटलेला बांध वेळेवर बांधला नाही, तर त्या वाणांचाही उपयोग नाही. खाडीचे पाणी आत येते, त्यामागोमाग कांदळवन उगवते. त्याचे पर्यावरणीय महत्त्व निर्विवाद असल्याने ते तोडण्यास कायद्याची मनाई आहे, आणि सातबाऱ्यावर खातेदार म्हणून नाव असलेल्या शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात पुन्हा भात पेरता येत नाही.