पेरणीच्या तोंडावरची बुरशी

सकाळी ७. ऑक्टोबर. हरभऱ्याची पेरणी तोंडावर आलेली, त्यामुळे प्रयोगशाळेचं कुलूप काढायच्या आधीच दारात मोटारसायकली. "मॅडम, ट्रायकोडर्मा निघाला का?" अकरापर्यंत थांबा म्हटलं.

७.३०. बटाटे सोलणं. लिटरभर माध्यमाला २०० ग्रॅम बटाट्याचा काढा, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, २० ग्रॅम अगार. मग ऑटोक्लेव्ह: १२१ अंश, १५ पौंड दाब, २० मिनिटं. ट्रायकोडर्मा ही बुरशी वाढवायला फारसे कष्ट नाहीत. तिच्याखेरीज दुसरं काही वाढू नये, यात आमचा दिवस जातो.

९.३०. पंखा बंद, हाताला स्पिरिट, ज्योतीजवळ थाळ्या. आधी पांढरा कापूस, मग हिरवी वलयं, आणि झाकण किलकिलं केलं की खोबऱ्यासारखा वास. एका थाळीत काळे ठिपके दिसले. ती परत ऑटोक्लेव्हमध्ये, मग कचऱ्यात.

शेजारच्या थाळीत एका कडेला मर रोगाची फ्युजेरियम, दुसऱ्या कडेला ट्रायकोडर्मा लावला होता. हिरवा निम्मी थाळी ओलांडून पलीकडे पसरलाय. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे धागे शत्रूच्या धाग्यांना वेटोळे घालतात, विकरं सोडून त्यांची भिंत विरघळवतात. वाइंडलिंगने १९३२ मध्ये ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशीवर जगतो हे दाखवलं. मला मात्र हे बघायचा अजून कंटाळा येत नाही.

११. मोजणी. नियमाप्रमाणे ग्रॅममागे किमान २० लाख जिवंत कण हवेत. एक लॉट पास, दुसरा कमी भरला. दारातली माणसं कुरकुरली, तरी दुसरा दिला नाही. मेलेली भुकटी विकायची तर नुसती टाल्क पावडरच विकावी.

१. डबा.

२. एक भाग द्रव कल्चर, दोन भाग टाल्क, चिकटायला थोडं सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज). सावलीत पसरलं.

३.३०. एक काका वाळलेली तूर उपटून घेऊन आले. खोड उभं चिरलं. आत काळपट रेघ.
"हे टाकलं की झाड उठंल का?"
"नाही काका. हे औषध नाही, विरजण आहे. आधी लावावं लागतं."
मग आता पेरायच्या हरभऱ्याचं सांगितलं: बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम चोळा, रायझोबियम त्याच्यानंतर. कार्बेन्डाझिममध्ये कालवू नका, त्यात हा मरतो. शिवाय १०० किलो कुजलेल्या शेणखतात किलोभर मिसळून, ओल धरून, सावलीत गोणपाटाखाली दोन आठवडे ठेवा. मधून मधून खालीवर करा. मर जमिनीत वर्षानुवर्षं टिकते, तेव्हा एकाच हंगामात निकाल मागू नका. आणि बियाणं विजय किंवा दिग्विजयसारखं मर सोसणारं घ्या. सगळा भार बुरशीवर कशाला?

काकांनी मान हलवली, घेतलेल्या ट्रायकोडर्माच्या पिशव्या गाडीच्या सीटवर ठेवल्या आणि समोर चहाला गेले. सीटवर टळटळीत ऊन. मीच जाऊन त्या आत आणून ठेवल्या.

५.३०. लॉट क्रमांक, तारखा, इनक्युबेटर २८ अंशांवर. उद्यासाठी बटाटे संपलेत. शिपायाला सांगायचं राहिलं होतं, ते सांगितलं.