हळदीच्या बेण्याला लिंबाची राखण

हळद काढून, शिजवून, वाळवून झाली की आपल्याला वाटतं, सुटलो एकदाचे. पण पुढच्या लागवडीचं बेणं अजून राखायचं असतं. हेक्टरी साधारण 25 क्विंटल बेणं लागतं. ते खराब झालं तर ऐन लागवडीच्या तोंडावर विकत आणायला उसनवारी करावी लागते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटावर हीच वेळ आली. बेण्याला कीड लागू नये म्हणून आम्ही लिंबाचा हिरवागार पाला तोडला आणि तसाच ढिगात घातला. आठ-दहा दिवसांनी हात घातला तर ढीग आतून गरम! पाल्याच्या ओलीनं गड्डे कुजायला लागले होते. चूक लिंबाची नव्हती, आमच्या घाईची होती.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. आधी बेणं निवडायचं. मुळ्या काढायच्या, कुजलेला, मऊ पडलेला, भोक पडलेला गड्डा बाजूला टाकायचा. डोळ्याजवळ पांढरट-करडे बारीक खवले चिकटलेले दिसले, तर ती खवले कीड समजायची. ती रस शोषते, गड्डा सुकतो आणि कोंब धड येत नाही. असे गड्डे बेण्यात ठेवायचे नाहीत.

मग लिंबोळीचा अर्क. अर्धा किलो वाळलेल्या लिंबोळ्या कुटून पाण्यात रात्रभर भिजवायच्या. सकाळी फडक्यानं गाळायचं, त्यात 20 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवायचा आणि सगळं मिळून 10 लिटर पाणी करायचं. हा झाला 5 टक्के अर्क. तो त्याच दिवशी वापरायचा, कारण ठेवला की त्याचा जोर जातो. बेण्यावर शिंपडून ते सावलीत पूर्ण सुकवायचं. मगच झाडाखाली किंवा शेडमध्ये ढीग लावायचा आणि वरून हळदीचा वाळलेला पाला घालायचा. लिंबाचा पाला घालायचा तर तोही सावलीत कुरकुरीत वाळवून. ढिगावर पाणी मारायचं नाही. दर पंधरा दिवसांनी ढीग उघडून बघायचा.

लिंबानं कीड पटकन मरत नाही. त्याच्या कडूपणामुळं ती खात नाही, अंडी कमी घालते, तिची वाढ अडते. म्हणून आधीच लावावं लागतं. आणि कुजीवर लिंब हा इलाज नाही. तिथं निवड, सावली आणि वारा हेच औषध.

घरच्या बटाट्यांचंही तसंच. बटाट्यावरचा पतंग 1906 च्या सुमारास इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर मुंबई इलाख्यात शिरला. तो डोळ्यावर अंडी घालतो आणि अळी आत पोखरते. तिकडं दक्षिण अमेरिकेत पेरू देशातले शेतकरी बटाट्यात पुदिन्याच्या जातीचा वासाचा पाला घालतात. आपल्याकडं लिंबाचा किंवा टणटणीचा वाळलेला पाला थराथरात घालता येतो. खाण्याच्या बटाट्यावर अर्क शिंपडू नका, फक्त वाळलेला पाला ठेवा, आणि बटाटे धुऊन, सोलून वापरा. टणटणीचा पाला मात्र शेळ्या-गुरांच्या तोंडी जाऊ देऊ नका, तो त्यांना विषारी असतो.

आता कुणी म्हणेल, दुकानातली पावडर टाकली की काम झालं. पण बेणं घराच्या पडवीत, शेजारी लेकरं झोपलेली. तिथं विषारी पावडर नको, हे आम्ही गटात ठरवलंय.

एक गोष्ट मात्र आत्ताच करायची. बेणं राखायचं असतं चैत्र-वैशाखात, आणि लिंबोळ्या पडतात पावसाच्या सुरुवातीला. म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचं औषध आज झाडाखाली पडलंय. पिकलेल्या लिंबोळ्या वेचा, गर काढून धुवा, सावलीत वाळवा आणि कोरड्या पोत्यात भरून ठेवा. ओल्या भरल्या तर बुरशी येते. आमच्या गटात प्रत्येकीनं पाच किलो आणायच्या ठरल्यात. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत तुम्हीही हा विषय काढा.